कुऱ्हाडीचं दुसरं पातं

माझ्या वडिलांनी त्र्याण्णव सालच्या शिमग्याआधी अख्खा एक महिना एका कुऱ्हाडीपायी घालवला. कुऱ्हाड म्हणजे लाकडं फोडायची नव्हे. बोईसरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात, काचेच्या पलीकडे, एक दाढीवाला उघडाबंब माणूस ती खांद्यावर टाकून हिंडायचा. आमच्या आळीतल्या रामूला शिमग्याच्या सोंगात तो दाढीवाला व्हायचं होतं आणि सोंगाला कुऱ्हाड हवी होती. एवढीच गोष्ट. पुठ्ठा कापून त्यावर चांदीचा कागद चिकटवला असता तर तासाभरात झाली असती. पण ते काम पडलं आमच्या बाबांच्या हातात.

मी नलू. तेव्हा तीस वर्षांची होते. तारापूरच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि रोज सकाळच्या एसटीने आमच्या गावाहून, मुरब्याहून, बोईसरला जायचे. माझं लग्न का झालं नव्हतं हा विषय इथे नको, तो गावाचा पुरेसा चघळून झाला आहे.

बाबांचं नाव नामदेव. ते होड्या बांधायचे. त्यांच्याकडे ना नकाशा, ना टेप. एक काळा दोरा होता, तो ते कानाला गुंडाळून ठेवत. होडीची एक बाजू ते त्या दोऱ्याच्या घड्या घालून मापाने बांधत. दुसरी बाजू मात्र कधीच मापून नाही. ती नजरेने. नाळेसमोर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकासमोर, वीस पावलं लांब जाऊन उकिडवे बसत, बिडी पेटवत आणि नुसते बघत राहत. मग उठून एका फळीवर वाकसाचे, लाकूड तासायच्या हत्याराचे, दोन घाव घालत आणि परत जाऊन बसत. प्रत्येक फळी आपल्या मर्जीने वाकते, तिथे माप खोटं पडतं, दोन्ही बाजूंची जोडी डोळ्यानेच लावायची असते, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. तशा एकोणीस होड्या त्यांनी पाण्यात सोडल्या.

एकोणिसावी जानूची. ती पाण्यात गेली आणि डावीकडे ओढायला लागली. फार नाही, थोडीशीच. जानू भला माणूस, त्याने उजव्या अंगाला चार धोंडे टाकले आणि मासेमारीला गेला. पण बंदरावर कुणीतरी हसलंच. बाबा त्या होडीत एक दिवस बसून आले, घरी येऊन वाकस खुंटीला टांगला आणि त्यानंतर दोन वर्षं नवी होडी बांधली नाही. कुणाचं वल्हं नीट कर, कुणाचा पाट कर, नाहीतर ओटीवर बसून रस्त्याकडे बघ. बायकोशी बोलणं बंद, माझ्याशी बोलणं बंद, मांजराशी मात्र चालू. धडधाकट माणूस असा घरात बसून वाळताना बघितला की दया येते असं लोक म्हणतात. मला राग यायचा.

आणि अशात जानेवारीच्या अखेरीला गावातला रामनाथ आला. त्याला नवी होडी हवी होती. सागाचे ओंडके त्याने किनाऱ्यावर आणूनही टाकले होते.

"नामदेव, होडी तूच बांदायची. दुसऱ्याचा हात मला नको."

"बगू," बाबा म्हणाले.

"बगू म्हंजे काय? होलीच्या दिशी नारल घेऊन येतो. घेतलास तर तुजी, नाय घेतलास तर मी सातपाटीच्या सुताराकडं जातो."

आमच्याकडे ही रीत आहे. होडीवाला नारळ पुढे करतो. बांधणाऱ्याने तो हातात घेतला की शब्द गेला, मग कुणाचा बाप आला तरी मागे फिरता येत नाही. म्हणजे होळीपर्यंत बाबांनी मन घट्ट करायचं आणि हात पुढे करायचा, एवढंच बाकी होतं. मला दुसरं काही नको होतं. तो नारळ त्यांनी घेतला की माझा बाप मला परत मिळणार होता, इतकं सरळ होतं ते.

दुसऱ्याच आठवड्यात रामू टपकला. रामू गिरणीत पहिल्या पाळीला जायचा, पंचवीस वर्षांचा दांडगा गडी, बायको-पोरीचा धनी. त्याने कुऱ्हाडीचं सांगितलं. मला वाटलं बाबा त्याला हाकलतील. दोन वर्षं ज्यांनी होडीचं नाव काढू दिलं नाही, ते बाबा ओटीवरून उठले आणि विचारते झाले, "किती तोंडांची?"

"दोन, काका. दोनी बाजूला पातं."

"दोनी सारकी?"

"सारकीच असतील की."

"असतील नको. बगायला पायजे."

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाबा बोईसरला. मला हे घरून कळलं नाही, ऑफिसातून कळलं. आमच्या डिस्पॅचमधल्या बाईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "नलू, तुझे वडील त्या पोरांच्या गेमच्या दुकानात काय करतात गं?" मी म्हटलं, माझे नसतील. त्या म्हणाल्या, कानाला काळा दोरा होता.

शनिवारी अर्धा दिवस झाल्यावर मी गेले बघायला. स्टेशनजवळच्या गल्लीत पत्र्याचं दुकान, आत चार मशिनं आणि त्यांचा नुसता ढॅणढॅण आवाज. पाळी सुटून आलेले कामगार मशिनला खेटून उभे. आणि त्यांच्या मधोमध माझे अठ्ठावन्न वर्षांचे वडील, धोतर खोचून, एका हाताने दोऱ्याचं टोक काचेवर दाबून धरलेले. रामू खेळत होता. त्या दाढीवाल्याची उंची किती घड्या आणि पात्याची लांबी किती घड्या हे बाबा मोजत होते, म्हणजे त्याच हिशेबाने रामूच्या उंचीला शोभेल अशी कुऱ्हाड करता येईल. कल्पना चांगली होती. फक्त तो दाढीवाला एका जागी उभा राहत नव्हता.

"अरे, त्याला जरा उबा ऱ्हायला सांग ना. माप घेऊ दे."

"काका, उबा ऱ्हायला की बाकीचे मारतात त्याला."

"एवडी मोठी कुऱ्हाड हाय, घाबरतो कशाला?"

मागून एक भय्या ओरडला, "अंकल, खड़ा रहेगा तो मर जाएगा!" आणि खरोखर, दोरा जागेवर बसेपर्यंत दाढीवाला मेला. दुकानवाला काचेवर बोटांचे डाग पडतात म्हणून शिव्या घालत होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलंदेखील नाही. मला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तर त्यांनी न वळता सांगितलं, "थांब, तिसरा चोर आला की तो दोन पावलं दम खातो, तवा माप मिलतं." म्हणजे हे एका दिवसाचं नव्हतं. ते मुरलेले होते.

आता खरी कटकट ऐका. तो दाढीवाला कुऱ्हाड खांद्यावर घेऊन चालायचा, तेव्हा पुढचं पातं दिसायचं, मागचं त्याच्या डोक्याआड. ठीक. मग तो वळून उलटा चालायला लागला की आड गेलेलं पातं दिसायला हवं. ते दिसायचं नाही. पुन्हा तेच पातं पुढे, त्यावरचा लाल खडासुद्धा पुन्हा आपल्याच बाजूला. आणि मारायला कुऱ्हाड उगारली की नुसता पांढरा फराटा. चार दिवस बाबांनी रामूकरवी त्या माणसाला उलटसुलट फिरवलं. रामूची बायको माझ्याकडे येऊन भांडून गेली की तुझा बाप माझ्या नवऱ्याला घरी येऊ देत नाही.

"त्या मानसाला दुसरी बाजूच नाय गं," परतीच्या एसटीत बाबा मला म्हणाले. शेजाऱ्याला लकवा मारल्याचं सांगावं तसा चेहरा.

"बाबा, ते चित्र हाय. बनवनाऱ्यानं एकच बाजू काडली आनि तीच उलटी केली. चित्राला कुटं दुसरी बाजू असते?"

"मग कुऱ्हाड तोलते कशी?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या सीटवर आमच्या गावच्या दोन बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्या फिदीफिदी हसत होत्या.

पुढचं पातं मात्र त्यांनी केलं, आणि काय केलं! पांगाऱ्याचं लाकूड हलकं म्हणून दोन एसट्या बदलून एडवणला ओळखीच्या अण्णांच्या वाडीत जाऊन ते घेऊन आले. अण्णांकडे पानवेलींना आधाराला पांगारे लावलेले, त्यातला एक जुना. दांड्याला मोडक्या वल्ह्याचा दांडा घेतला. वाकस खुंटीवरून खाली आला तेव्हा आईने, जमनाने, माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आम्ही दोघींनी तो शकुन धरला. पात्याची धार त्यांनी अशी पातळ काढली की लाकूड आहे हे हात लावल्याशिवाय कळू नये. मध्ये मोटारसायकलच्या मागच्या दिव्याची लाल काच बसवली. मी चिडलेली होते तरी कबूल करते, ते पातं बघत बसावं असं होतं.

मग सवयीने त्यांनी त्याला मुशीचं तेल चोळलं. होडीला चोळतात ते, माशाचं. त्या वासावर गावातली यच्चयावत मांजरं आमच्या ओटीवर जमली. आईचे सुकत घातलेले बोंबील तीन दिवस आम्ही काठी घेऊन राखले.

"होडीला लावतात तेल. हिला कोन पान्यात घालनार हाय?" आई ओरडली.

"लाकडाला काय म्हाईत?" बाबा म्हणाले.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मला वेड लावलं ते दुसऱ्या पात्याने. मी सरळ मार्ग सांगितला. तयार पातं पुठ्ठ्यावर ठेवायचं, पेन्सिलीने कडेने फिरवायचं, पुठ्ठा उलटा करायचा, दुसरं पातं तयार. शाळेतलं पोर करील.

"पुठ्ठा नको."

"का नको?"

"नको म्हनलं ना."

"निदान दोरा तरी लावा."

"दोरा पन नको. डोल्यानं करनार."

दुसऱ्या पात्याचा ठोकळा त्यांनी दांड्याला बसवला आणि कुऱ्हाड घराच्या दारातच दोरीने टांगली, कारण त्यांना मागच्या दारातून येणारा उजेड हवा होता. स्वतः रस्त्यापलीकडे वीस पावलांवर उकिडवे. आम्ही घरात जायचं-यायचं ते वाकून. आई डोक्यावर टोपली घेऊन वाकायची कशी? ती मागच्या दाराने जायला लागली. दर थोड्या वेळाने बाबा उठत, रस्ता ओलांडून येत, पटाशीने नखभर लाकूड काढत आणि परत जाऊन बसत. येणारे-जाणारे थांबून विचारत, बाबा उत्तर देत नसत, मग लोक मला विचारत. मी काय सांगणार? की माझा बाप रामनाथचे ओंडके किनाऱ्यावर उन्हात तडकू देतोय आणि इकडे खेळण्याची जोडी लावतोय?

पहिल्यांदा त्यांनी ते पातं जास्त तासलं. काढून चुलीत घातलं. दुसरं केलं. तेही चुलीत घातलं. तेव्हा होळीला आठ दिवस होते आणि माझा तोल गेला. दोन वर्षं मनात साठलेलं सगळं मी ओटीवर उभी राहून बाहेर काढलं. जानूच्या होडीचं काढलं. लोक हसतात ते काढलं. "तिकडं मानूस खरी होडी द्यायला बसलाय आनि तुमी भावलीच्या खेलात रमलाय," असं म्हटलं. "नारल आला की हात मागं घेतलात तर परत तुमच्याशी बोलनार नाय," असंही म्हटलं. आई मला आत ओढायला लागली. बाबा रस्त्यापलीकडून कुऱ्हाडीकडे बघत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

त्यानंतर खरंच मी त्यांच्याशी बोलले नाही. डबा भरून निघायचे, संध्याकाळी वाकून घरात शिरायचे, जेवून झोपायचे. तिसरं पातं चुलीत गेलं नाही एवढं बघत होते.

होळीच्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळीच रामू आला. कुऱ्हाड पूर्ण झाली होती, दोन्ही पात्यांना चंदेरी रंग लागला होता. त्याने ती खांद्यावर घेतली, आमच्या अंगणात दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "काका, एक नंबर! तो गेमवाला बगेल तर रडेल." बाबांनी त्याला विचारलं, "पाती सारकी हायेत?" रामू म्हणाला, "एकदम सारकी." आईला विचारलं. आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सारकी नायतर काय? तुमी केलेली हाय." बाबांनी रामूला सांगितलं, संध्याकाळी घेऊन जा.

चारच्या सुमाराला रामनाथ येताना दिसला. पांढरा सदरा, टोपी, हातात नारळ आणि हळदकुंकवाची पुडी. अजून तो आळीच्या तोंडाशी होता, कुणाशी तरी बोलत थांबला होता. बाबांनी मला हाक मारली. आठ दिवसांनी पहिल्यांदा. कुऱ्हाड दारात टांगलेली होती. त्यांनी मला हाताला धरून रस्ता ओलांडून नेलं आणि ते रोज बसायचे तिथे बसवलं.

"नलू, बग. सारकी हायेत?"

मी बघितलं. डावं पातं बारीक होतं. उगाच नव्हे, दोन बोटं बारीक, आणि धारेचा बाक वर चढलेला. इतकं उघड होतं की रामूला आणि आईला दिसलं नसेल असं शक्यच नव्हतं. त्यांनी बघून हो म्हटलं होतं.

माझ्याही तोंडावर तेच आलं होतं. सारखी आहेत म्हणायचं, बाबा उठतील, नारळ घेतील, आणि जे मला महिनाभर हवं होतं ते होईल. एक शब्दाचं काम होतं. रामनाथ चालायला लागला होता.

"खरं सांग," बाबा म्हणाले. "तीन वर्सं झाली, डाव्या डोल्यापुडं धुरकट दिसतं. जानूच्या होडीला लाकडानं दगा दिला का माज्या डोल्यानं, ता मला कललाच नाय. होडी बांदून बगितली असती, पन ती वाकडी झाली तर मानसं जातात. हिच्यानं कोन बुडत नाय. म्हनून ही केली. आता सांग."

म्हणजे पुठ्ठा का नको होता, दोरा का नको होता, दोन पाती चुलीत का गेली, सगळं एका दमात माझ्यासमोर आलं. मी ज्याला खेळ म्हणत होते ती त्यांनी स्वतःची घेतलेली परीक्षा होती, आणि तिसऱ्या खेपेला जेवढं जमलं तेवढं माझ्यासमोर टांगलेलं होतं.

"डावा बारीक हाय," मी म्हटलं.

"किती?"

"दोन बोटं."

"दोन बोटं," ते स्वतःशीच म्हणाले. मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मोतीबिंदू असेल, बाबा. पालगरला जाऊ. काडतात आता. काडला की साफ दिसेल, मग बांदा."

"जाऊ की. डोला बरा व्हईल तवा व्हईल. नारल आज हाय."

रामनाथ ओटीवर आला होता. त्याने पुडी सोडली, नारळाला हळदकुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी पुढे केला. बाबांनी दोन्ही हात जोडले. रामनाथला आधी कळलंच नाही, तो हसत नारळ तसाच धरून उभा राहिला.

"सातपाटीला जा, रामनाथ. तो सुतार चांगला हाय. लाकूड सावलीत घे आदी, तडकायला लागलाय."

रामनाथ भडकला. महिनाभर थांबवलंस, आधी सांगायचं होतंस, असं बरंच बोलला. त्याचं बरोबर होतं. बाबा सगळं ऐकून घेत उभे राहिले, डोळ्याचं एक अक्षर त्यांनी त्याला सांगितलं नाही. आई दारात आली होती, तिने कुऱ्हाडीखालून वाकून एकदा रामनाथकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, मीच काहीतरी बोलले. रामनाथ नारळ घेऊन निघून गेला. मग रामू येऊन कुऱ्हाड घेऊन गेला, आणि दार एकदाचं मोकळं झालं.

बाबा पायरीवर बसले. मला इतका संताप आला होता की मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आई हो म्हनाली. रामू हो म्हनाला. तेवड्यावर भागत होता ना? मग मलाच कशाला इचारला? माज्याच तोंडून का काडून घेतला?"

बाबांनी वर बघितलं. उन्हं तोंडावर येत होती म्हणून त्यांनी डोळे बारीक केले होते.

"त्यांना वाटतं, मला बरा वाटावा," ते म्हणाले. "तू म्हईनाभर मला बरा वाटावा म्हनून एक शब्द बोलली नायस. म्हनून तुला इचारला."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.